गाठ बरोबर होती

आमच्या ह्यांना ओळखीपाळखीचे सगळे 'तपासा' म्हणतात. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण त्यात काडीचीही खोट नाही. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघणार. गॅस बंद केला का असं मला विचारणार, आणि मी हो म्हटलं तरी चपला काढून आत जाऊन बघून येणार. आमच्या लग्नाच्या फोटोंत यांची हनुवटी तेवढी दिसते, कारण हॉलचं झुंबर कशाला टांगलंय ते हा माणूस मान वर करून निरखत होता. आपल्या पदरात काय पडतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पोटापाण्याचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. आठवडाभर लोकांच्या इमारतींत अंधाऱ्या बोगद्यात शिरून तारांना ग्रीस लावायचं आणि सुट्टीच्या दिवशी शाळांच्या, क्रीडा मंडळांच्या पोरापोरींना घेऊन कड्यावर जायचं. यांचं म्हणणं असं, की लिफ्टमध्ये माणूस डोळे झाकून पाय ठेवतो, तार कुणी तपासली हे विचारत नाही. निदान या पोरांना तरी कळू दे आपण कशावर लटकतोय ते. हे भाषण प्रत्येक गटाला होतं. मला झोपेतून उठवून विचारलंत तरी म्हणून दाखवीन.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आणि लोकांचे उंची कमी करायला, कंबर वाढवायला आलेले कपडे. मागच्या खोलीत पलंग, आणि पलंगाखाली, दारामागे, कपाटावर सगळीकडे यांचे दोर. दोर उन्हात वाळवायचा नाही, तेलाच्या हातानं धरायचा नाही आणि त्यावर पाय तर कधीच द्यायचा नाही, कारण वाळूचा कण आत गेला की तो दोराला आतून कुरतडतो म्हणे. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, या घरात माझ्या पायावर पाय पडला तर चालतो, दोरावर पडला तर घर डोक्यावर घेतात. पोरं चढताना कमरेला बांधतात त्या पट्ट्यांची शिवण मात्र माझ्याकडे. कुठे टाका उसवलाय का ते मी बघते, आणि शंका आली की सरळ कात्री लावते, म्हणजे 'चालेल की' म्हणून कुणी तो पुन्हा वापरायला नको. कड्यावर मी कधी चढले नव्हते. पडदे लावायला स्टुलावर उभी राहिले तरी मला गरगरतं.

गट न्यायचा म्हणजे यांच्या अंगात येतं. आदल्या सुट्टीला स्वतः जाऊन कडा हातोडीनं ठोकून बघायचा, पोकळ वाजला तो भाग खडूनं बाद करायचा. जवळच्या दवाखान्याचा रस्ता गाडीनं जाऊन बघायचा, कारण नकाशावरचा रस्ता खणून ठेवलेला असतो हा त्यांचा ठाम समज. कुणाला दमा, कुणाला फिट, कुणाला नुसतीच भीती, ते आईबापांशी स्वतः फोनवर बोलून विचारायचं. आणि मुलं कड्याखाली पोचण्याआधी दिवसाची पहिली चढाई आपल्यातल्या कुणीतरी करायची. आधी आपलं वजन दोरावर, मग लोकांच्या लेकरांचं. हे पहिली चढाई दुसऱ्याला कधी देत नसत.

पण यांचं खरं वेड म्हणजे गोल. दिवस संपला की घरी निघायच्या आधी सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि प्रत्येकानं आपली त्या दिवसाची चूक सांगायची. सुरुवात मोठ्यांनी करायची. कुणी म्हणतं, मी हेल्मेटचा पट्टा सैल ठेवला. कुणी म्हणतं, मी वर पोचल्यावर भाव खायला एक हात सोडला. सांगितलेल्या चुकीला कुणी हसायचं नाही, रागवायचं नाही. आणि दुसऱ्याची चूक सांगायची नाही, फक्त आपली. चुगली सुरू झाली की पोरं लपवायला शिकतात, आणि लपवलेली चूक पुढच्या खेपेला कुणाचा तरी पाय मोडते, असं हे म्हणत. मला हे फार आवडायचं. या एका गोष्टीसाठी मी त्या सगळ्या दोरांचा पसारा सहन केला.

आता पालोबाचं सांगते. पालोबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी पालीसारखा भिंतीला चिकटून माळ्यावर जायचा म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. आईबाप गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या शर्टाची बटणं मी लावली, त्याची बोलणी मी खाल्ली, लग्न होऊन इकडे आले तेव्हा माझ्या ट्रंकेबरोबर तोही आला. ह्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. उलट त्याला कड्यावर नेलं, दोर धरायला शिकवलं, आणि पुढे त्यालाच आपला जोडीदार केलं. वर हे, खाली पालोबा, अशी कित्येक वर्षं गेली. नंतर त्याला क्रीडा संकुलात पोरांना भिंतीवर चढायला शिकवायची नोकरी लागली, तीही यांच्याच शब्दावर. राहायला वेगळा झाला तरी जेवायला आमच्याकडेच. माझं माहेर म्हणाल तर तेवढंच, रोज हात धुऊन ताटावर बसणारं.

दोर धरणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. चढणाऱ्याच्या कमरेला दोर गाठीनं बांधलेला असतो. तो वर कड्याच्या माथ्यावर अडकवलेल्या लोखंडी कड्यांतून जाऊन परत खाली येतो, धरणाऱ्याच्या कमरेला अडकवलेल्या धातूच्या पकडीत. धरणाऱ्याचा डावा हात वरून येणाऱ्या दोरावर, उजवा हात पकडीच्या खालच्या दोरावर. सगळं वजन अडवतो तो उजवा हात. तो कधीही, कशासाठीही सोडायचा नाही. नाक खाजलं तरी नाही. आणि चढणारा अंग सोडण्याआधी विचारतो, "धरलंय?" खालून उत्तर येतं, "धरलंय." ते ऐकल्याशिवाय कड्यावरचा हात सोडायचा नाही.

त्या दिवशी शाळेची मुलं खालच्या मोकळ्या जागेत होती. खेळाच्या बाई त्यांना हेल्मेट घालायला शिकवत होत्या आणि मी पट्टे आवळून बघत होते. हे आणि पालोबा पहिल्या चढाईसाठी पुढे गेले होते, वळणापलीकडे. मला आधी यांचा आवाज आला, "धरलंय?" मग पालोबाचा, "धरलंय." रोजचाच सूर होता. आणि मग दगडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

मी धावत गेले. हे कड्याच्या पायथ्याशी आडवे, चेहरा पांढराफटक, उजवा पाय नको तिकडे वळलेला. पालोबा गुडघ्यांवर बसून "भाऊजी, भाऊजी" करत होता. गाडीत घालायचं तर कमरेचा दोर सोडायला हवा. तो मी सोडला. ती गाठ माझ्या या दोन हातांनी मी उकलली. वजन पडून ती इतकी घट्ट बसली होती की माझी नखं मोडली. हे लक्षात ठेवा.

दवाखान्यातून प्लास्टर घालून घरी आले, तर दुसऱ्याच दिवशी पलंगावरून यांचा हुकूम, की कालचा गोल राहिलाय, बोलवा सगळ्यांना. खेळाच्या बाई आल्या, पालोबा आला. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. मला वाटलं, बघा, याला म्हणतात माणूस. पाय मोडून घेतलाय पण नियम मोडत नाही.

सुरुवात यांनीच केली. छताकडे बघत म्हणाले, "माझी चूक. गाठ मी नीट बांधली नव्हती. ती सरकली."

ट्रे माझ्या हातातून पडला नाही हे नशीब. गाठ सरकली असती तर हे दोरापासून सुटून पडले असते आणि मला उकलायला काही उरलंच नसतं. खेळाच्या बाईंना त्यातलं काय कळणार, त्यांनी हळहळून मान हलवली. मग पालोबाची पाळी आली. तो आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "मी भाऊजींची गाठ तपासून घेतली नाही." म्हणजे नवऱ्यानं खोटं सांगितलं आणि भावानं त्याला वरून अस्तर लावून दिलं. मी शिवणकाम करते, असली कारागिरी मला लगेच ओळखू येते.

आणि मला बोलता येईना. दुसऱ्याची चूक सांगायची नाही. नियम यांचाच, आणि त्या नियमाच्या आडोशाला हे दोघे बसलेले. मी गप्प राहीन हे दोघांनी गृहीत धरलं होतं. त्याचा मला आजही संताप येतो, पाय मोडल्यापेक्षा जास्त.

बाई गेल्यावर मी पालोबाला पुढच्या खोलीत घेतलं. म्हटलं, हात दाखव, पट्टी बदलू. काल गडबडीत त्यानं स्वतःच रुमाल गुंडाळला होता. सोडून बघते तर डाव्या तळव्याची सालटी गेलेली, दोर घासून भाजल्यासारखी. उजवा तळवा स्वच्छ. मी मलम हातात घेऊन तशीच उभी राहिले. उजव्या हातानं दोर धरला असता तर डावा भाजलाच नसता. मी विचारलं, उजवा हात कुठे होता? तो रडायला लागला. म्हणाला, ताई, मला काही विचारू नकोस, भाऊजींनीच गाडीत सांगितलं गप्प बस म्हणून.

पट्टी बांधली मी. नीटच बांधली. मग मागच्या खोलीत गेले.

हे तयारच होते. समजावणीच्या सुरात म्हणाले, अगं, पोराची नोकरी जाईल, आयुष्यभराचा बट्टा लागेल. मला काय, माझं वय झालंय, लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील. तो आता जन्मभर धडा शिकलाय. आणि मग हळूच म्हणाले, तुझं एवढंच तर माहेर आहे, ते मी कसं तोडू?

"माझ्यासाठी केलंत?" मी म्हटलं. "मग मला विचारलंत का?"

ते चादरीचं टोक सारखं करायला लागले. मी मात्र बोलले, मशीनवरचे दोन ब्लाऊज बाजूला ठेवून मनसोक्त बोलले. शिकला म्हणे! न सांगितलेल्या चुकीतून कोण काय शिकतं, हे तुम्हीच पोरांना घसा कोरडा करून सांगता ना? घराची कुलपं तीन तीनदा ओढता, आणि लोकांची पोरं ज्या हातावर लटकणार तो हात तपासायचा नाही? कारण तो माझ्या भावाचा? आणि खोटं बोलायला तुम्हाला दुसरी जागा मिळाली नाही, गोलातच बोललात. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. प्लास्टरमुळे तेही धड जमेना, नाहीतर मला हसू आलं असतं.

त्या दिवसापासून घरात बोलणं म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढंच. पालोबा जेवायला येईनासा झाला. यायला तोंड हवं ना. पण पुढचा गट ठरलेला होता, त्याच शाळेच्या दुसऱ्या एका वर्गाचा, आणि यांचा पाय प्लास्टरमध्ये. म्हणजे दोर धरणार पालोबा. मी यांना म्हटलं, दिवस पुढे ढकला. तर म्हणाले, ढकलला तर लोक कारण विचारतील. बघा, एक खोटं लपवायला काय काय गहाण टाकावं लागतं. आता प्रश्न माझ्या रागाचा राहिलाच नव्हता. पोरं लटकणार होती, आणि खालून 'धरलंय' म्हणणारा माणूस तो शब्द उजवा हात न लावता म्हणू शकतो हे आम्हा तिघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

त्या सकाळी हे कुबड्या घेऊन घडीच्या खुर्चीवर कड्याखाली बसले. पालोबानं दोर लावला. माझ्याकडे बघायचं टाळत होता. पहिली चढाई आज राहू दे, असं हे त्याला सांगत होते, करायला कुणी नाही म्हणून. मुलं हेल्मेटं घालून वळणाशी आली होती. मी त्यांना म्हटलं, इकडे या, पुढे बसा, आज पहिली चढाई तुम्ही बघायची. आणि पट्टा माझ्या कमरेला चढवला.

ह्यांची कुबडीच पडली. तुला गरगरतं, म्हणाले. मी म्हटलं, गरगरू दे.

गाठ मी माझी बांधली. इतकी वर्षं पोरांना शिकवताना ऐकलेलं, हात आपोआप चालले. मग नियमाप्रमाणे पालोबासमोर उभी राहिले. त्यानं माझी गाठ तपासली, मी त्याची पकड तपासली. त्याच्या डाव्या तळव्यावर नवी गुलाबी कातडी आली होती.

चढणं काय सांगू. गुडघा शिवणयंत्राच्या सुईसारखा वरखाली व्हायला लागला. मागून एक मुलगी म्हणाली, काकू, डावीकडे पाय ठेवायला जागा आहे. होती खरंच. पोरांच्या डोक्यांवरून पार वर गेले, फार उंच नाही, पण मला तो आभाळाचा माळाच वाटला. तिथे थांबले. कातळाला गाल लावून डोळे मिटले. माझ्या कमरेचा दोर वर जाऊन खाली माझ्या भावाच्या हातात गेलाय हे मला माहीत होतं, आणि खरं सांगते, भरवसा नव्हता. ज्याला मी घास भरवला त्याचा भरवसा नव्हता.

मी विचारलं, "धरलंय?"

"धरलंय, ताई."

"दोन्ही हातांनी?"

"दोन्ही."

"त्या दिवशी?"

खालचं मला काही दिसत नव्हतं, तोंड कड्याकडे. हे "अगं..." म्हणाले आणि थांबले. मी दुसऱ्याची चूक सांगितली नव्हती. नुसतं विचारलं होतं, आणि दोरावरच्या माणसाला विचारायचा हक्क असतो. हात भरून आले होते. आता फार वेळ धरवणार नाही हे मला कळत होतं, पण उत्तर आल्याशिवाय सोडणार नव्हते.

"एका," पालोबा म्हणाला. "डाव्या. उजव्यात फोन होता. मी न बघताच धरलंय म्हणालो."

मग मी अंग सोडलं. दोर ताणला गेला आणि मला धरून राहिला. तो रडत होता आणि मला इंच इंच खाली घेत होता, उजवा हात एकदाही न सुटता. जमिनीवर पाय टेकले तसा मी त्याच्या हातातून दोर काढून घेतला. म्हटलं, आज धरलंस ते चांगलं केलंस, पण यापुढे नाही. तो मान खाली घालून गाडीकडे गेला. उष्टं ताट उचलावं तसा दोर मी गोळा केला. त्या दिवशी कुणी चढलं नाही. मुलांनी कड्याखाली बसून गाठी शिकल्या आणि हातोडीनं कातळ ठोकून पोकळ कुठे वाजतो ते शोधलं. खेळाच्या बाई माझ्याशी धड बोलेनात, यांच्याशी तर अजिबात नाही. त्यांना तरी काय दोष द्यायचा.

निघायच्या आधी गोल झाला. ह्यांनी खुर्ची नको म्हटलं, प्लास्टरचा पाय पुढे पसरून मुलांच्यात जमिनीवर बसले. सुरुवात मोठ्यांनी करायची. बराच वेळ मातीत बोट फिरवत होते. मग म्हणाले, "मागच्या गोलात मी गाठ चुकली म्हणालो. गाठ बरोबर होती. मी खोटं बोललो." कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. पोरांना नियम पाठ असतात. ती मघाची मुलगी तेवढी म्हणाली, मग सर, तुम्ही आम्हाला खोटं सांगितलं असतं तर आम्हाला कसं कळलं असतं?

माझी पाळी आली. सगळी तोंडं माझ्याकडे. आपलीच चूक सांगायची. मी पुष्कळ आठवून बघितलं. शेवटी म्हटलं, "माणसं तपासायची राहिली," आणि शेजारच्या मुलाला म्हटलं, तू सांग.

गोल उठला. मुलं सामान उचलून गाडीकडे गेली. हे एकटेच खाली बसलेले, आणि रोजच्या सवयीनं त्यांनी उठायला माझ्याकडे हात पुढे केला. मी त्या हातात कुबड्या दिल्या आणि दोर खांद्यावर टाकून पुढे चालू लागले.